यूएसबीएएसपी चिपेला भेटेना: जागलीच्या दिव्याच्या कामातल्या नोंदी

३ ऑगस्ट

वावर पांढरकवडा तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला. सोयाबीन गुडघ्याला लागलं की रात्री रानडुकरं आणि रोही (नीलगाई) धुरा (बांध) ओलांडून आत येतात. मग घरातलं कोणी ना कोणी जागलीला, रात्रीच्या राखणीला, जातं. त्यासाठी धुऱ्यावर लावायचे दिवे करतो आहे. एलईडी अनियमित अंतरानं चमकेल आणि मध्येच पिझो बझर वाजेल. एकाच ठेक्यात चमकणारे दिवे तयार मिळतात, पण त्यांची डुकरांना लवकर सवय होते. अनियमितपणा हवा म्हणून चिप घ्यावी लागली. एटीटायनी८५ घेतली. आठ पायांची, ८ केबी मेमरीची, या कामाला भरपूर.

नागपूरला बर्डीवरून यूएसबीएएसपी प्रोग्रामर (लॅपटॉपवरून चिपेत कोड भरायचं यंत्र) आणला, २८० रुपयांना. मूळ डिझाइन थॉमस फिशल यांचं, सगळ्यांना खुलं. आत एटीमेगा८ ही चिप आणि तिला ठेका देणारा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. स्वस्तात मिळतात त्या या डिझाइनच्या नकला, माझाही तसलाच.

लिनक्स मिंटच्या लॅपटॉपला लावला. लाल दिवा लागला. एव्हीआरड्यूड (कोड भरायचं सॉफ्टवेअर) म्हणतं, असं यंत्रच सापडत नाही. यूएसबीला लावलेली यंत्रं दाखवणाऱ्या एलएसयूएसबीच्या यादीतही ओळ नाही. दिवा लागला म्हणजे ५ व्होल्ट पोचले, त्यावरून डेटाचं काहीच कळत नाही. पोर्ट अडचणीच्या जागी असल्यानं मध्ये एक्स्टेन्शन वायर होती. तिची टोकं मीटरवर तपासली. कडेच्या दोन पिना बीप देतात, मधल्या दोन गप्प. कापून पाहिली तर आत फक्त लाल आणि काळी तार, हिरवी-पांढरी टाकलेलीच नाही. नुसती चार्जिंगची वायर.

प्रोग्रामर थेट पोर्टात घातल्यावर यादीत १६सी०:०५डीसी हा यूएसबीएएसपीचा ओळख क्रमांक आला. हा आकडा दिसत नाही तोवर चिप, ब्रेडबोर्ड, कोड, कशालाच हात लावायचं कारण नाही. बिघाड अलीकडच्या बाजूला आहे.

४ ऑगस्ट

यादीत दिसतो, तरी एव्हीआरड्यूड उघडू शकत नाही. परवानगी नाही म्हणतं. सुडो लावून, म्हणजे सर्वाधिकार देऊन, चालवलं तर पुढे सरकतं. म्हणजे यंत्र ठीक, अडसर लिनक्सचा. यंत्रांच्या परवानग्या ठरवणाऱ्या यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरमध्ये एक फाइल केली, त्यात एका ओळीत विक्रेता क्रमांक १६सी०, वस्तू क्रमांक ०५डीसी आणि मोड ०६६६ (सगळ्यांना वापरायची मुभा). नियम पुन्हा वाचायला लावले. तरी तेच. प्रोग्रामर काढून परत लावला तेव्हा झालं. आधीपासून लावलेल्या यंत्राला नवा नियम लागत नाही.

आता संदेश बदलला: ‘टार्गेट डझन्ट आन्सर’. समोरची चिप उत्तर देत नाही. एवढ्यात लाईन गेली.

७ ऑगस्ट

या संदेशाशी भांडण्याआधी सॉकेटमधून चिप काढली आणि तीच आज्ञा परत दिली. अक्षर न अक्षर तोच संदेश. म्हणजे चिप मेलेली असो, उलटी बसलेली असो किंवा जागेवर नसोच, प्रोग्रामरला सगळं सारखंच. त्याला एवढंच कळतं की एमआयएसओवर, म्हणजे चिपेकडून येणाऱ्या तारेवर, अपेक्षित उत्तर आलं नाही. त्यामुळे संदेशावरून चिपेला दोष देणं बंद केलं आणि मीटर उचललं.

जोडणी अशी तपासली. एटीटायनी८५ची खूण डावीकडे वर धरली तर पाय १ रीसेट, ४ ग्राउंड, ५ एमओएसआय (चिपेकडे जाणारा डेटा), ६ एमआयएसओ, ७ एससीके (घड्याळ), ८ पुरवठा. प्रोग्रामरच्या दहा पिनांच्या कनेक्टरवर १ एमओएसआय, २ पुरवठा, ५ रीसेट, ७ एससीके, ९ एमआयएसओ, १० ग्राउंड. सिरियल पोर्टची सवय असलेले इथे एमओएसआय आणि एमआयएसओ एकमेकांत अदलाबदल करून जोडतात, पाठवणारी तार घेणाऱ्याला म्हणून. इथे तसं नाही. नावाला नाव जोडायचं.

चिपेच्या पायावर ४.९ व्होल्ट, ठीक. मग रिबन केबल दोन्हीकडून मोकळी करून एकेक पिन तपासली. सातवी पिन बीप देईना. एससीकेची तार! चिपेला घड्याळच मिळत नव्हतं.

रिबनच्या कनेक्टरमध्ये दातेरी पत्रे असतात, ते तारेचं प्लास्टिक चिरून आत रुततात. या एका तारेवर पत्रा नीट रुतलेला नव्हता. नवी केबल आणायची तर पुन्हा नागपूर किंवा कुरियरची वाट. भाच्यानं आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये कनेक्टर व्हाइसमध्ये धरून हळू दाबून आणला. आता दहाच्या दहा पिना वाजतात. रिबन हलवतानाही बीप तुटत नाही, हेही पाहून घ्या. स्थिर असताना वाजणारी तार हलली की सुटते.

आज्ञा दिली. टार्गेट डझन्ट आन्सर.

८ ऑगस्ट

आज खरी गाठ सापडली, म्हणून सविस्तर लिहितो.

भाच्याच्या जुन्या खेळण्यातली एक एटीटायनी८५ सहज सॉकेटमध्ये बसवली. पहिल्या झटक्यात उत्तर आलं: १ई ९३ ०बी. या चिपेची ओळखसही हीच. परत नवी बसवली, गप्प. दुसरी नवी, तीही गप्प. जुनी चालते आणि पाकिटातून काढलेल्या सगळ्या नव्या मुक्या. साहजिकच वाटलं की लॉट नकली. दुकानदाराला फोन करायच्या बेतात होतो. बाबा ओट्यावरून म्हणाले, ‘अबे, सगळेच बैल एका दिवशी मरत नसतात.’

बरोबर होतं. बिघाड चिपेत नव्हता, चिपेच्या वेगात होता. एटीटायनी८५ कारखान्यातून निघते तेव्हा आतला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर (चिपेचं घड्याळ) चालू असतो, पण एका फ्यूजमुळे (चिपेत साठवलेल्या सेटिंगमुळे) त्याला आठनं भाग जातो. म्हणजे चिप १ मेगाहर्ट्झवर चालते. प्रोग्रामिंगच्या वेळी एससीकेचा वेग चिपेच्या घड्याळाच्या चौथ्या भागापेक्षा कमी असावा लागतो, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या आत. यूएसबीएएसपी नेहमी ३७५ किलोहर्ट्झवर बोलतो. समोरच्याला ऐकूच येणार नाही इतक्या घाईत. भाच्यानं त्याच्या जुन्या चिपेत भागाकाराचा फ्यूज केव्हाच काढून लो फ्यूज (घड्याळाच्या सेटिंगचा बाइट) ई२ केला होता. ती ८ मेगाहर्ट्झवर चालते, तिला ३७५ सहज झेपतात.

उपाय सोपा वाटला. एव्हीआरड्यूडला उणे-बी हा पर्याय देऊन १० लिहायचं, म्हणजे एका बिटाला १० मायक्रोसेकंद. प्रोग्रामर ९३.७५ किलोहर्ट्झची पायरी पकडतो. दिलं. उत्तर आलं, ‘कॅनॉट सेट एससीके पिरियड’, फर्मवेअर (प्रोग्रामरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट तपासा. हा इशारा चालतो, दुर्लक्ष करा, असं सगळे सांगतात. चिप आधीच ८ किंवा १६ मेगाहर्ट्झवर असेल तर खरंच चालतं. नवी कोरी चिप असेल तर हाच इशारा सगळं सांगतो: वेग कमी करायची विनंती प्रोग्रामरनं ऐकलीच नाही, तो ३७५वरच बसला आहे. नकलेत जुनं फर्मवेअर भरलेलं होतं.

त्यावर तोड बोर्डावरच असते. जेपी३ नावाचा जंपर (दोन पिना जोडायची जागा) जोडला की एससीके सुमारे ८ किलोहर्ट्झवर उतरतो. माझ्या बोर्डावर जेपी३ची नुसती दोन भोकं, पिना बसवलेल्याच नाहीत. पैसे वाचवलेत. रेझिस्टरचा कापलेला पाय वाकवून दोन्ही भोकांत घातला, सोल्डर मारला.

१ई ९३ ०बी. नवी चिप, पहिल्या आज्ञेला. मग पाकिटातल्या सगळ्या एकामागून एक बोलल्या. ८ किलोहर्ट्झवर कोड भरायला वेळ लागतो, पूर्ण ८ केबी असेल तर चहा ठेवावा. माझा कोड दीड केबीचाही नाही.

११ ऑगस्ट

डब्यात काही चिपा आधीपासून ‘मेल्या’ म्हणून बाजूला ठेवलेल्या होत्या, माझ्या आणि भाच्याच्या मिळून. जेपी३ जोडलेल्या प्रोग्रामरवर सगळ्या परत लावल्या. बऱ्याच जिवंत निघाल्या. १३० रुपयांची एक चिप, हिशेब तुमचा तुम्ही करा. उरल्या दोन. त्यांच्या गोष्टी वेगवेगळ्या.

पहिलीत भाच्यानं बॅटरी वाचवण्यासाठी १२८ किलोहर्ट्झचा आतला ऑसिलेटर निवडला होता आणि आठचा भागाकार तसाच राहू दिला होता. लो फ्यूज ६४. १२८ला आठनं भागलं की १६ किलोहर्ट्झ, त्याचा चौथा भाग ४. जेपी३ देतो ८. म्हणजे हळू जंपरही या चिपेसाठी दुप्पट वेगाचा. फर्मवेअर बदलून २ किलोहर्ट्झवर उतरल्याशिवाय हिचं तोंड उघडणार नाही.

दुसरीत रीसेटचा पाय साध्या कामाला वापरता यावा म्हणून हाय फ्यूज ५एफ केलेला. आठ पायांच्या चिपेत एक पाय जास्त मिळतो याचा मोह मी समजू शकतो. पण रीसेट बंद म्हणजे या मार्गानं प्रोग्रामिंगचा दरवाजाच बंद. एससीके कितीही हळू करा, उघडत नाही.

(बॅटरीचं म्हणाल तर आमच्या दिव्याला १२८ किलोहर्ट्झची गरज नाही. चिप झोपवायची आणि वॉचडॉगनं, तिच्या आतल्या टायमरनं, उठवायची. वॉचडॉग जास्तीत जास्त ८ सेकंदांचा मिळतो, तेवढा पुरतो.)

१५ ऑगस्ट

शाळेतलं झेंडावंदन आटोपून फर्मवेअर बदलायला बसलो. त्यासाठी दुसरा प्रोग्रामर लागतो. आर्डुइनो ऊनो या बोर्डात आर्डुइनोआयएसपी हे तयार स्केच (प्रोग्राम) भरलं की ऊनोच प्रोग्रामर होतो. ऊनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा लागतो, नाहीतर प्रत्येक जोडणीला ऊनो स्वतःच रीसेट होतो. कपॅसिटर स्केच भरून झाल्यावरच लावा. आधी लावला तर स्केच भरलंच जात नाही.

जोडणी: ऊनोची १० नंबर पिन प्रोग्रामरच्या कनेक्टरच्या रीसेटला, ११ एमओएसआयला, १२ एमआयएसओला, १३ एससीकेला, शिवाय ५ व्होल्ट आणि ग्राउंड. यूएसबीएएसपी संगणकाला लावायचा नाही, त्याला वीज ऊनोतूनच. बोर्डावरचा जेपी२ जोडावा लागतो, तेव्हा कनेक्टरची रीसेट पिन आतल्या एटीमेगा८च्या रीसेटला जाते. इथेही जेपी२ची नुसती भोकं होती. तार तात्पुरती धरण्यापेक्षा दोन पिनांचा हेडर लावून टाकला.

आधी नुसती ओळखसही वाचली: १ई ९३ ०७, एटीमेगा८. मग आतले फ्यूज वाचून वहीत लिहून ठेवले. ते बदलायचे नाहीत, फक्त फर्मवेअर बदलायचं. २०११ सालच्या अधिकृत फर्मवेअरमधली एटीमेगा८ची हेक्स फाइल भरली, पडताळणी झाली, जेपी२ मोकळा केला. यूएसबीएएसपी परत लॅपटॉपला लावल्यावर एससीकेबद्दलचा इशारा गेला.

घाईत काम करणाऱ्यांसाठी: ऊनोला जोडलेलं असताना यूएसबीएएसपी यूएसबीतही घालू नका. दोन्हीकडून ५ व्होल्ट येतात.

१९ ऑगस्ट

नवं फर्मवेअर, उणे-बीला ५०० दिले, म्हणजे २ किलोहर्ट्झ. इशारा नाही, तक्रार नाही, पण ६४वाली चिप गप्पच. संध्याकाळ यात गेली. ब्रेडबोर्ड बदलला, पोर्ट बदलला, ऑसिलेटरच मेला असेल असंही ठरवून झालं.

शेवटी यूएसबीएएसपीचा सोर्स कोड उघडला. तो खुला आहे याचा फायदा असा. जोडणीच्या क्षणी फर्मवेअर आधी जेपी३ची पिन पाहतं. जंपर जोडलेला असेल तर थेट ८ किलोहर्ट्झ. संगणकानं काय वेग मागितला ते मग बघतच नाही. ८ तारखेला सोल्डर मारलेला रेझिस्टरचा पाय अजून जागेवर होता. एव्हीआरड्यूड समजत होतं की २ किलोहर्ट्झ ठरले, प्रोग्रामर चालत होता ८वर, आणि दोघांपैकी कोणीही बोलत नव्हतं.

तार काढली. १ई ९३ ०बी. लगेच लो फ्यूज ६२ करून चिप परत १ मेगाहर्ट्झवर आणली. नवं फर्मवेअर असेल तर जेपी३ मोकळाच ठेवा.

२३ ऑगस्ट

रीसेट बंद केलेली चिप. हिच्यासाठी हाय व्होल्टेज सिरियल प्रोग्रामिंग: रीसेटच्या पायावर १२ व्होल्ट देऊन चिपेला जबरदस्तीनं प्रोग्रामिंगमध्ये आणायचं. मर्यादा ११.५ ते १२.५ व्होल्ट.

घरात १२ व्होल्ट म्हटलं की फवारणी पंपाची बॅटरी. मीटर लावलं तर १३च्या जवळ, कारण रात्रीच चार्ज झाली होती. ‘१२ व्होल्ट’ लिहिलेल्या चार्ज बॅटरीवर भरवसा ठेवू नका. राउटरच्या अडॅप्टरवर १२.१ मिळाले, तो घेतला.

चिपेचा पुरवठा ऊनोच्या एका पिनेवरूनच द्यायचा, कारण क्रम महत्त्वाचा आहे. पाय ५, ६, ७ खाली धरून आधी पुरवठा, आणि लगेच पाठोपाठ रीसेटवर १२. पाय २वर घड्याळ. १२ व्होल्ट एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून रीसेटला, आणि ट्रान्झिस्टर ते ग्राउंडला ओढून बंद करतो.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. रीसेटवर मोजलं, व्होल्टेज हवं तसं वर-खाली होत नव्हतं. सर्किटचा नकाशा २एन३९०४ ट्रान्झिस्टरचा होता, माझ्याकडे बीसी५४७. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर २एन३९०४चे पाय एमिटर, बेस, कलेक्टर आणि बीसी५४७चे कलेक्टर, बेस, एमिटर. उलटा फिरवून बसवला. लो फ्यूज ६२, हाय फ्यूज डीएफ लिहिले गेले. चिप परत साध्या मार्गानं बोलते.

हा खटाटोप एका चिपेसाठी परवडत नाही. ट्रान्झिस्टर, ऊनो, अडॅप्टर पडलेलं होतं म्हणून केलं. नसतं तर १३० रुपये गेले म्हणून सोडून दिलं असतं.

२८ ऑगस्ट

दिव्याचं पहिलं बोर्ड सोल्डर केलं. प्रोग्रामिंगचा कनेक्टरही त्यावरच ठेवला, म्हणजे वावरात लॅपटॉप नेऊन कोड बदलता येईल. सॉकेटमध्ये धड चालणारी चिप बोर्डावर गेली की पुन्हा नखरे. ओळखसही कधी बरोबर, कधी शून्य शून्य शून्य. कोड भरला तर पडताळणीत पहिल्याच काही बाइटांवर फरक. भरताना बझर किरकिरतो.

तो किरकिरतो यातच उत्तर होतं. बझर पाय ६वर होता, एमआयएसओवर. पिझो म्हणजे विजेच्या दृष्टीनं कपॅसिटर. चिपेला उत्तराच्या प्रत्येक बिटाला तो भरावा-रिकामा करावा लागत होता. उणे-बीला १० दिले की चूक, ५०० दिले की बरोबर. वेग कमी केल्यावर चूक जात असेल तर तारेवर कपॅसिटरचं ओझं आहे असं धरून चाला.

हळू वेगावर भागवता आलं असतं. पण एलईडीचा ट्रान्झिस्टरही पाय ५वर, म्हणजे एमओएसआयवर होता आणि कोड भरताना दिवा वेडावाकडा चमकायचा. दोन्ही उचलले. एलईडी पाय २वर, बझर पाय ३वर. हे दोन पाय या प्रोग्रामिंगमध्ये लागत नाहीत. बोर्डाच्या मागे दोन तारा उघड्या फिरवाव्या लागल्या, दिसायला वाईट, पण आता ९३.७५वर एकही चूक नाही. पुरवठा आणि ग्राउंडमध्ये, चिपेला चिकटून, १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटरही लावला.

काका बघायला आले होते. ‘डुकराले दिसन का थे एवढुसं?’ म्हणाले. अंधारात चांगलं दूरवरून दिसतं, पण झाकणासाठी कापलेल्या पाण्याच्या बाटलीत धुकं धरतं. खाली भोक पाडलं.

४ सप्टेंबर

पोळा आटोपला. दिवे धुऱ्यावर लागले. डुकरांचं अजून काही सांगता येत नाही. एका कोपऱ्यात माती उकरलेली दिसली, पण तिथला दिवा कलंडलेला होता.

भाच्याच्या विंडोजच्या लॅपटॉपवरही हाच प्रोग्रामर लावला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण. झाडिग नावाच्या साधनानं लिबयूएसबी-विन३२ ड्रायव्हर बसवल्यावर एव्हीआरड्यूडला दिसू लागला. झाडिगच्या यादीत यूएसबीएएसपीच निवडलाय हे नीट बघा. चुकून कीबोर्ड किंवा माउस निवडला तर त्याचा ड्रायव्हर उडतो.

खर्च: प्रोग्रामर २८०. ऊनोची नक्कल आधीचीच. एक्स्टेन्शन वायर फेकली, साधारण ६०. नागपूरचं जाणं-येणं मोजलं तर ते या सगळ्यापेक्षा जास्त. दुसऱ्या खेपेला चिपा आणायच्या ठरवल्या होत्या त्या आणाव्या लागल्या नाहीत.

भाच्याच्या वर्गातल्या एकानंही असाच बोर्ड आणलाय. त्याच्या एलएसयूएसबीत १६सी०:०५डीसी येतच नाही, ०३ईबी:सी८बी४ येतं. दिसायला हुबेहूब यूएसबीएएसपी, पण आत एचआयडी (कीबोर्ड-माउसच्या) पद्धतीचं वेगळंच फर्मवेअर. एव्हीआरड्यूड त्याला यूएसबीएएसपी म्हणून ओळखत नाही. रविवारी तो बोर्ड घेऊन येणार आहे. ऊनो आणि जेपी२ची तार तयार ठेवली आहे, त्याच्या बोर्डावर आतल्या चिपेचा रीसेट कुठून मिळतो ते मात्र आधी शोधावं लागेल.